भागायचं कशाला?

दिल्याची मुलगी सान फ्रान्सिस्कोला असते. तिच्या बाळंतपणासाठी हा आणि वहिनी निघालेत. काल कट्ट्यावर बंड्याने मोबाईल काढून हिशोबच मांडला. "दिल्लीहून 12,400 किलोमीटर. विमान ताशी 900. पावणेचौदा तास. विषय संपला."

कट्ट्यावर विषय असा संपतो होय? सुन्या म्हणाला, "हे अंतर कुठल्या वाटेचं?"

बंड्याच्या डोक्यात भिंतीवरचा नकाशा. युरोप, अटलांटिक, मग अमेरिका. सुन्याने समोर खेळणाऱ्या पोरांचा फुटबॉल मागून घेतला, त्यावर पेनाने दोन ठिपके काढले आणि टपरीवरची सुतळी ताणून धरली. सुतळी चीन, सायबेरिया करत पार आर्क्टिकपर्यंत चढली आणि अलास्काकडून खाली उतरली. (पोरं शेजारी कंबरेवर हात ठेवून उभी. "काका, बॉल!")

"हे तुझे 12,400. पण विमान सुतळीवरून जात नाही. दिल्लीच्या वर हिमालय, पलीकडे तिबेट. केबिनमधला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला दहा हजार फुटांच्या आसपास खाली यावं लागतं. तिबेटात जमीनच त्याहून उंच! म्हणून वळसा."

"मग वळशाने वेळ वाढणार. माझंच खरं."

इथे सुन्याने हुकमाचा पत्ता काढला. एअर इंडियाने ही थेट सेवा डिसेंबर 2015 मध्ये सुरू केली, तेव्हा विमान अटलांटिकवरून जायचं, सुमारे 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016 मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं 15,300. आणि पोचलं साडेचौदा तासांत, जुन्या वाटेपेक्षा जवळजवळ दोन तास आधी!

"थापा मारू नकोस," बंड्या.

थापा कसल्या? त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो, जोरात असला तर ताशी 200 किलोमीटरच्याही वर. अटलांटिकवरून जाताना तो छाताडावर, पॅसिफिकवरून जाताना पाठीवर. बंड्याचे 900 हवेतले, जमिनीवरून मोजाल तर कधी 750, कधी 1,100. हिवाळ्यात मुंबईहून कोलकात्याला जायला कमी वेळ आणि यायला जास्त, तेही त्याच वाऱ्यामुळे. परतीला अटलांटिकची वाट धरली की पुन्हा वारा पाठीशी. म्हणजे जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणाच.

"पुण्य लागेल का रे?" दिल्याने विचारलं. त्याला वाऱ्यापेक्षा गुडघ्यांची काळजी.

बंड्या अजून हटेना. "पण घड्याळात बघ! समज, पहाटे चारला निघून तिथल्या सहाला उतरले. दोनच तास!"

"उन्हाळ्यात दिल्ली साडेबारा तास पुढे असते, शहाण्या."

"ते सोडा," दिल्या म्हणाला, "जावयाला गाडी घेऊन किती वाजता बोलावू?"

यावर मात्र दोघांचं एकमत झालं. विमान सुटल्यावर ट्रॅकरवर बघून सांग, आत्ता भागाकार करत बसू नकोस.