‘जुना वाचक’ यांना उत्तर: झाडं तोडणं आणि आयुष्य फुकट घालवणं

मागच्या लेखाखाली ‘जुना वाचक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली. तिथेच उत्तर द्यायला बसलो होतो, पण ते लांबत गेलं म्हणून इथे वेगळं टाकतोय. ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन गेम मी २०२१ मध्ये सोडला, आता परत जायचं की नाही यावर माझं नक्की होत नाहीये, आणि का होत नाहीये ते मी त्यात लिहिलं होतं. त्यावर आलेली प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो, म्हणजे मी काही गाळलं असं कुणाला वाटायला नको:

“लेख वाचला. २००७ साली सुरू झालेला गेम म्हणताय तो २०१३ चा आहे. दुसरं, रात्रीची झोप उडाली म्हणून सोडला असं तुम्हीच लिहिलंय, मग आता नेमकं काय बदललंय ते लेखात कुठेच नाही. आणि खरं सांगायचं तर चाळिशीला टेकलेल्या माणसाने खोटी झाडं तोडत बसणं हा छंद नव्हे, ते आयुष्य फुकट घालवणं आहे. राग मानू नये.”

सगळ्यात आधी तारखेचं. तुमचं बरोबर आहे, मी चुकलो. मूळ रूनस्केप जानेवारी २००१ चा. ओल्ड स्कूल सुरू झाला २२ फेब्रुवारी २०१३ ला, पण तो ज्या कॉपीवरून उभा केला ती ऑगस्ट २००७ ची होती आणि त्यामुळे आम्ही खेळणारे सगळे सवयीने ‘२००७ चा गेम’ म्हणतो. लिहिताना मात्र नीट लिहायला हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे, धन्यवाद.

आता ‘राग मानू नये’. हे वाक्य मला कधीच कळलेलं नाही. ज्याला खरंच वाटतं की समोरच्याने राग मानू नये तो आधी शब्द जपून वापरतो, वाट्टेल ते बोलून झाल्यावर शेवटी हा शिक्का मारत नाही. लग्नाच्या पंगतीत एखादे काका येऊन ‘अजून नोकरी तीच का? राग मानू नकोस हां’ म्हणतात आणि पुढच्या पानाकडे सरकतात, त्यातलाच हा प्रकार. आपण मला ओळखत नाही, मी आपल्याला ओळखत नाही, आपण आपलं खरं नावसुद्धा दिलेलं नाही. मी इथे आठ वर्षं स्वतःच्या नावाने लिहितोय, आणि माझं आयुष्य फुकट गेलं की नाही याचा निकाल तीन शब्दांत कुणीतरी टोपणनावाने देऊन जातो. मतभेद असायला माझी हरकत नाही, पण त्याला एक पद्धत असते.

आणि लेख गेममधल्या मासेमारीबद्दल होता. झाडांबद्दल त्यात एकच ओळ होती, गेममधल्या ड्रेनोर गावातल्या विलोच्या झाडांबद्दल, तीही जाता जाता. लेख नीट वाचलेल्या माणसाने ‘झाडं तोडत बसणं’ लिहिलं नसतं. पण ठीक आहे, झाडं तर झाडं.

‘आयुष्य फुकट घालवणं’ याबद्दल मात्र मला बोलायचंय, कारण हे तुम्ही एकटेच म्हणत नाही, घरात, ऑफिसात, सगळीकडे हे ऐकत आलोय आणि दरवेळी गप्प बसलोय. गेम न खेळलेल्यांसाठी आधी हिशोब सांगतो. या गेममध्ये प्रत्येक कौशल्याची पातळी १ पासून ९९ पर्यंत जाते. दुसऱ्या पातळीला फक्त ८३ गुण लागतात, दोन मिनिटांत होतात. ९९ ला लागतात १,३०,३४,४३१. यातली गंमत अशी की ९२ वर पोचलात की तुमचे गुण होतात ६५,१७,२५३, म्हणजे आकड्याने ९२ असलात तरी वाटेने तुम्ही जेमतेम अर्ध्यावर आहात. पहिल्या ब्याण्णव पातळ्यांना जेवढं लागलं तेवढंच शेवटच्या सातांना लागतं. माझी मासेमारी ९२ वर थांबली आहे. एका लॉब्स्टरचे ९० गुण मिळतात, म्हणजे फक्त लॉब्स्टरच धरायचे म्हटले तर मला अजून साधारण ७२,४०० लॉब्स्टर लागतील. हे मी लेखात लिहिलं होतं आणि तुम्हाला बहुतेक याच आकड्याचा राग आला असावा, की एवढे तास एक शहाणा माणूस देतोच कसा.

माझी आजी चातुर्मासात लक्ष वाती करायची. लाख वाती. कापूस निवडायचा, बोटाला जराशी राख लावायची, तळहातावर वळायची, शंभर झाल्या की दोऱ्याने बांधून जुडी करायची आणि जुडी पत्र्याच्या डब्यात. दुपारी जेवणं आटपली की ती ओसरीवर बसायची आणि चार वाजेपर्यंत तेच. बोलायची, रेडिओ ऐकायची, आमच्यावर ओरडायची, हात मात्र चालू. तिला कुणी विचारलं नाही की आजी, एका निरांजनाला दोन वाती पुरतात, लाख कशाला? तुम्ही म्हणाल ते देवाचं होतं. असेल, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण मी तिच्या शेजारी बसून जुड्या बांधल्यात आणि मला माहितीये, हजारो वेळा तीच गोष्ट करताना माणसाचा चेहरा कसा होतो. तो वाया गेलेल्या माणसाचा चेहरा नसतो. गेमच्या भाषेत ग्राइंड म्हणतात ते हेच, मी करतो ते कापसाऐवजी माशांचं.

तुमचं वाक्य मला का लागलं ते आता सांगतोच, कारण मागच्या लेखात ते मुद्दाम टाळलं होतं.

२००७ साली मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला सांगलीत होतो. तासाला पंधरा रुपयांच्या कॅफेत आम्ही तिघं हा गेम खेळायचो. पैसे भरून घ्यायच्या मेंबरशिपला कार्ड लागायचं, ते आमच्या बापजाद्यांकडेही नव्हतं, त्यामुळे फुकटात जेवढं मिळेल तेवढंच. फुकटात लॉब्स्टर मिळायचे ते करामजा बेटावर. पोर्ट सरिमहून तीस नाणी देऊन बोटीने जायचं, पिशवीत २८ खाने, एकात सापळा, एकात परतीची नाणी, उरलेल्यांत २६ लॉब्स्टर, आणि मग परत येऊन ड्रेनोरच्या बँकेपर्यंत (म्हणजे गेममध्ये माल ठेवायची जागा) पायपीट. परतीची नाणी ठेवायला एकदा मी विसरलो तर दुसऱ्या दोघांपैकी एक जण फक्त मला तीस नाणी द्यायला बोटीने आला होता, त्याच्या कॅफेच्या वेळेतली वीस मिनिटं घालवून. तो आता कॅनडात असतो. आम्ही अजून बोलतो त्याचं कारण कॉलेज नाही, हा गेम आहे.

मग ते सगळं सुटलं. गेमच्या कंपनीने तेव्हाच्याच हिवाळ्यात आधी वाइल्डरनेस नावाच्या भागातली खेळाडूंची आपसातली मारामारी बंद केली, मग त्यांच्यातला मुक्त व्यापार, लोक चिडून गेले, आमच्याही परीक्षा, नोकऱ्या. पुढे २०१२ मध्ये लढाईची पद्धतच बदलून टाकली आणि जुने खेळाडू इतके भडकले की जुना गेम परत द्या म्हणून मतदान झालं, जवळपास साडेचार लाख लोकांनी मत दिलं आणि त्यातून २०१३ चा तो ओल्ड स्कूल आला. (म्हणून तुमची तारखेची दुरुस्ती मी मनापासून मानली, त्या तारखेमागे मोठं भांडण आहे.) तेव्हा जुन्या खात्यातलं कमावलेलं काही पुढे येत नव्हतं, सगळ्यांनी पहिल्या पातळीपासून सुरुवात केली. मी नाही केली. मी परत आलो ते ऑक्टोबर २०१८ मध्ये गेम मोबाइलवर आला त्यानंतर.

२०१९ मध्ये बाबांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, दरवेळी चार तास. ज्यांनी हे केलंय त्यांना माहितीये ते चार तास कसे असतात, पुस्तक वाचवत नाही, झोप लागत नाही, फोनवर बोलावं तर काय बोलणार, आणि दर थोड्या वेळाने मशीन वाजतं की सगळ्यांच्या माना वर. मी शेजारच्या स्टुलावर बसून गेममधल्या कॅथर्बी गावाला लॉब्स्टर धरायचो. तिथे किनाऱ्यालगतच बँक आहे, एका खेपेला २७ मिळतात, मासळीची जागा अधूनमधून हलते तेव्हा परत टिचकी मारायची, बाकी लक्ष बाबांकडे ठेवता येतं. दुसरा कुठलाही गेम तिथे खेळता आला नसता.

बाबा एसटीत होते, मूळचे मालवणकडचे. पहिले काही दिवस त्यांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. मग एक दिवस म्हणाले, “काय धरतोयस रे? शेवंड का?” म्हटलं हो. तर म्हणाले, “पिंजऱ्यात कसली धरतोस, आपल्याकडे शेवंड जाळ्यात येते.” आणि मग पुढचा अर्धा तास ते बोलत होते, त्यांचे काका, होडी, पावसाळ्याआधीचा समुद्र, जे मी तीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. त्यानंतर दर खेपेला आत घेतल्यावर सुई लागली की त्यांचा पहिला प्रश्न, “किती झाल्या?” पातळी वाढली की माणसाच्या डोक्यावर फटाके फुटतात तेव्हा मी फोन तिरका करून त्यांना दाखवायचो. बहात्तरपासून ब्याण्णवपर्यंतचे बहुतेक फटाके त्यांनी बघितलेत. ९३ चे नाही बघितले.

तर ‘जुना वाचक’, हे तुमचं फुकट गेलेलं आयुष्य. मला आता खरंच जाणून घ्यायचंय की त्या स्टुलावर बसून तुम्ही कुठलं मौल्यवान काम केलं असतं.

हो, मला माहितीये तुम्हाला हे माहिती नव्हतं. पण मुद्दा तोच आहे ना? माहिती नसताना बोलू नये.

बाकी तुम्ही म्हणता तो ‘खोटं’ शब्दही मला पटलेला नाही. व्हेनेझुएलात चलन कोसळलं तेव्हा तिथली कितीतरी माणसं याच गेममध्ये हिरवे ड्रॅगन मारून, मिळालेलं सोनं बाहेर विकून घरचा किराणा भरत होती. ते नियमाविरुद्ध आहे आणि मी त्याची बाजू घेत नाहीये, खेळणाऱ्यांना त्याचा त्रासही झाला. पण ज्या ‘खोट्या’ गोष्टीवर कुणाच्या घरात मैदा आणि तेल आलं ती इतक्या सहज खोटी म्हणता येते का? शिवाय हा असा गेम आहे जिथे नवीन काही आणायचं तर खेळाडूंचं मत घेतात, पूर्वी ७५ टक्के लागायचे, आता ७० लागतात. सेलिंग, म्हणजे होडी हाकण्याचं, हे नवीन कौशल्य मतदानातूनच ठरलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलं, ओल्ड स्कूल सुरू झाल्यापासूनचं पहिलंच पूर्ण नवीन कौशल्य. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला सत्तर टक्के सोडा, कोरम होत नाही.

राहिला झोपेचा मुद्दा. ते वर्षच तसं होतं. मी पहाटे चार-चारपर्यंत जागायचो हे खरं आहे, गेम चालू असायचा हेही खरं आहे, त्याहून जास्त मला इथे लिहायचं नाही. काय बदललंय वगैरे मी आणि माझ्या घरचे बघून घेऊ, त्याचा हिशोब प्रतिक्रियेत द्यायला मी बांधील नाही.

तुमच्या प्रतिक्रियेखाली आणखी दोघांनी ‘सहमत’ लिहिलंय, त्यांना वेगळं उत्तर देत नाही. एका ताईंनी मात्र विचारलंय की परत गेलात तर नवीन खातं काढणार की जुनंच? जुनंच. नवीन खातं काढायचा सल्ला मलाही बऱ्याच जणांनी दिलाय, सेलिंगसकट सगळं कोरं सुरू करण्यात मजा आहे म्हणतात, असेलही. पण त्या जुन्या खात्याच्या बँकेत कच्चे लॉब्स्टर पडून आहेत, शेवटच्या महिन्यातले, मी ते शिजवले नाहीत की विकले नाहीत.

मेंबरशिप अजून घेतलेली नाही. कॅनडावाल्याने आधीच होडी बांधलीये आणि शनिवारी, त्याची सकाळ आणि माझी संध्याकाळ, तो फोन करणार आहे. गेलो तर आधी कॅथर्बीला जाईन, सेलिंग नंतर.