एमटीएलएस बंद पडत नाहीये, त्यासाठी सर्टिफिकेट विकत घेऊ नका

नाशिकला माझ्या मावसभावाची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. तीन पतसंस्थांचे सर्व्हर त्याच्या सर्व्हरला एमटीएलएसने जोडलेले आहेत, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकांना सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, दाखवतात. परवा रात्री त्याचा फोन आला, ‘दादा, सगळं बंद पडणार म्हणे, पैसे भरून टाकू का?’ त्याला व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज थोडक्यात असा: फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने त्यांतून क्लायंट ऑथेंटिकेशन (जोडणी मागणाऱ्या बाजूची ओळख म्हणून सर्टिफिकेट वापरायची मुभा) काढलं, आता एमटीएलएस संपलं, विकतचं सर्टिफिकेट घ्या, स्वतःची सीए (सर्टिफिकेटांवर सही करून ती देणारी यंत्रणा) बनवणं असुरक्षित, आणि तोवर काम अडू नये म्हणून सर्व्हरवर सिस्टीमचा अख्खा सीए बंडल (भरवशाच्या सीएंची तयार यादी) लावून ठेवा.

शेवटचा सल्ला वाचून माझं डोकंच फिरलं, कारण भावाने तो आधीच अमलात आणला होता. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या सेटिंगमध्ये क्लायंटचं सर्टिफिकेट कुठल्या सीएचं चालेल हे सांगणारी जी ओळ असते, तिथे त्याने बंडल दिला होता. त्या बंडलमध्ये जगभरच्या शंभराहून जास्त सीए असतात. मी माझ्या ब्लॉगच्या डोमेनचं फुकट सर्टिफिकेट घेतलं. ते जानेवारीतलं असल्यामुळे त्यात क्लायंट ऑथ अजून होतं. ते कर्ल या कमांडला देऊन भावाच्या टेस्ट सर्व्हरला हाक मारली, तर उत्तर आलं २००, म्हणजे विनंती मान्य. माझा त्या पतसंस्थांशी काडीचा संबंध नाही, तरी दार उघडलं. पब्लिक सर्टिफिकेट एवढंच सांगतं की हे डोमेन या माणसाच्या ताब्यात आहे. त्याला आत घ्यायचं की नाही, हे ते सांगत नाही. सर्टिफिकेटमधलं नाव तुम्ही स्वतः तपासत नसाल, तर कुणीही येऊन खात्यांची माहिती मागू शकतो.

आता ‘संपलं’चं बघू. लेट्स एन्क्रिप्टने १४ मे २०२५ ला जाहीर केलं आणि ११ फेब्रुवारी २०२६ पासून नेहमीच्या सर्टिफिकेटमधून क्लायंट ऑथ काढलं. सर्व्हर ऑथ (सर्व्हरची ओळख पटवणं) आहे तिथेच आहे, आणि आधी काढलेली सर्टिफिकेटं त्यांचे ९० दिवस पुरे होईपर्यंत चालतात. कारणही त्यांनीच दिलंय: क्रोम ब्राउझरने कुठल्या सीएंवर भरवसा ठेवायचा हे ठरवणाऱ्या रूट प्रोग्रामला वेबसाइटच्या सर्टिफिकेटांसाठी वेगळी, फक्त त्याच कामाची सह्यांची साखळी हवी आहे. हा नियम क्रोमच्या यादीतल्या सगळ्याच सीएंना लागू आहे. म्हणजे वेबसाइटसाठीचं विकतचं सर्टिफिकेट घेतलं तरी क्लायंट ऑथ त्यातूनही जाणारच. मग पैसे कशाचे भरायचे?

स्वतःची सीए ‘सेल्फ-साइन्ड’ म्हणून असुरक्षित, हे तर वाटेल ते ठोकून दिलंय. लेट्स एन्क्रिप्टचं रूट, म्हणजे सह्यांच्या साखळीच्या मुळाशी असलेलं सर्टिफिकेट, आयएसआरजी रूट एक्स१ सुद्धा स्वतःच स्वतःवर सही केलेलं आहे. सगळीच रूट तशी असतात. भरवसा येतो तो ते रूट कुणी आपल्या यादीत घातलं यावरून, आणि भावाच्या सर्व्हरवर ती यादी भावाची आहे. जपायची ती रूटची किल्ली, जिने सह्या होतात.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. एक्सएमपीपी चॅट सर्व्हर चालवणाऱ्यांची तक्रार खरी आहे. तिथे एकमेकांना कधी न भेटलेले सर्व्हर जोडले जातात, आणि जोडणी करणारा सर्व्हर क्लायंट म्हणून आपलं पब्लिक सर्टिफिकेट दाखवतो. अनोळखी लोकांमध्ये खासगी सीए कोण वाटणार? त्यांना डोमेन डीएनएसवरून पडताळणाऱ्या डायलबॅकवर जावं लागेल, किंवा समोरच्या सर्व्हरने सर्व्हर ऑथचं सर्टिफिकेटही चालवून घ्यावं लागेल. पण तीन ठरलेल्या पतसंस्थांना ही अडचण नाही.

रात्री साडेअकराला भाऊ आणि मी ओपनएसएसएल या टूलने एक रूट बनवलं आणि त्यावरून तीन सर्टिफिकेटं काढली. बंडलची ओळ काढून तिथे नवं रूट लावलं. माझ्या ब्लॉगचं सर्टिफिकेट पुन्हा लावून पाहिलं, आता ४०० आलं, म्हणजे नकार. किल्ली पेनड्राइव्हवर घेऊन भावाने कपाटात ठेवली. दोन पतसंस्थांकडे नवं सर्टिफिकेट चालू झालंय, तिसरीकडे सोमवारी जायचंय.