‘गोव्याच्या रक्ता’चा तो मेसेज, आणि त्यातून गाळलेली आई

मडगावच्या माझ्या आतेबहिणीने परवा पुन्हा तोच मेसेज पाठवला. आंतोनियो कॉस्ता यांचा 2017 चा फोटो, हातात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना भारत देतो ते), शेजारी पंतप्रधान मोदी. खाली मजकूर: ‘गोव्यात जन्मलेला मुलगा पोर्तुगालचा पंतप्रधान झाला. त्याचं कुटुंब पोर्तुगिजांना मानणारं, म्हणून 1961 नंतर गोवा सोडून गेलं. आई साधी पोर्तुगीज गृहिणी. राजकारण आलं ते वडिलांच्या गोवेकर रक्तातून. पोर्तुगालच्या राजकारणात पाय ठेवणारा हा पहिला गोंयकार.’ शेवटी हात जोडलेली चित्रं आणि ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’.

अभिमान मलाही आहे. पण पाच वाक्यांत पाच चुका असलेला मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे आणि त्यात एका बाईचं अख्खं आयुष्य ‘साधी गृहिणी’ म्हणून पुसलं जातं, हे मला सहन होत नाही. मी स्वतः वर्तमानपत्राच्या डेस्कवर बावीस वर्षं काढली, म्हणून असेल कदाचित.

‘गोव्यात जन्मलेला.’ नाही. कॉस्ता यांचा जन्म 17 जुलै 1961 रोजी लिस्बनमध्ये झाला. गोवा मुक्त झाला त्याच वर्षीच्या 19 डिसेंबरला, तेव्हा ते पाच महिन्यांचे होते. गोव्याशी नातं खरं आहे, ते वडिलांच्या बाजूने. मडगावात आबाद फारिया रस्त्यावर कुटुंबाचं घर आहे. लहानपणी त्यांना ‘बाबुश’ म्हणत, म्हणजे कोकणीत लाडाने मुलाला म्हणतात ते. 2017 च्या जानेवारीत पंतप्रधान म्हणून आले तेव्हा ते त्या घरी जाऊनही आले. एवढं खरं पुरेसं नाही का? त्याला जन्मस्थानाची ठिगळं कशाला?

‘पोर्तुगिजांना मानणारं कुटुंब, 1961 नंतर सोडून गेलं.’ हा आरोप मला सगळ्यात अन्यायाचा वाटतो, कारण खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. वडील ऑर्लांदो द कॉस्ता यांचा जन्म 1929 चा, मोझांबिकमधल्या लोरेन्सो मार्कीशचा, म्हणजे आजच्या मापुतोचा. वाढले मडगावात. अठराव्या वर्षी शिकायला लिस्बनला गेले, म्हणजे मुक्तीच्या चौदा वर्षं आधी. तिथे त्यांनी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीविरुद्ध उभं राहायचं ठरवलं. पीडे या गुप्त पोलिसांनी त्यांना एकदा नव्हे, अनेकदा उचललं. पुढे ते बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षात गेले. 1961 मध्येच त्यांची कादंबरी आली, आणि तिचा विषय काय, तर गोव्यातले कुणबी शेतमजूर. लिस्बनला बसून हा माणूस भाटकारांचं, म्हणजे जमीनदारांचं नव्हे, कुळांचं दुःख लिहीत होता. त्याला ‘पोर्तुगीजधार्जिणा’ म्हणायचं?

‘पहिला गोंयकार’ हे वाक्य मी पटकन उरकते. 1822 मध्ये गोव्यातून बेर्नार्दो पेरिस द सिल्वा लिस्बनच्या संसदेसाठी निवडून आले. पुढे 1835 मध्ये ते गोव्याचे प्रमुख अधिकारी होऊन परतले, काही दिवसांतच उठाव होऊन त्यांना हुसकावलं गेलं, आणि आसरा मिळाला तो मुंबईत. 1860 च्या दशकात फ्रान्सिश्कु लुईश गोमिश यांनी लिस्बनच्या संसदेत भाषणं गाजवली. आणि आपल्या काळातले नाराणा कोइसोरो, गोव्यात जन्मलेले, हिंदू घरातले, पोर्तुगालच्या संसदेत एका पक्षाचे गटनेते होते. परंपरा दोनशे वर्षांची आहे. एका फोटोपासून ती सुरू होत नाही.

आता मुद्द्याचं. ‘आई साधी पोर्तुगीज गृहिणी.’

तिचं नाव मारिया आंतोनिया पाल्ला. जन्म 1933, म्हणजे सालाझारने नवी राज्यघटना आणली त्याच वर्षीचा. त्याच वर्षी तिथल्या कायद्याने स्वतंत्र कामगार संघटना मोडीत काढल्या, संप गुन्हा ठरवला आणि सरकारच्या मर्जीतल्या संघटना उभ्या केल्या. वर्तमानपत्राचं प्रत्येक प्रूफ सेन्सॉरकडे जायचं आणि निळ्या पेन्सिलीच्या रेघा घेऊन परत यायचं. लग्न झालेल्या बाईला परदेशी जायचं तर 1969 पर्यंत नवऱ्याची परवानगी लागे. चर्चमध्ये लग्न केलेल्यांना घटस्फोट 1975 पर्यंत मिळत नसे. अशा देशात 1968 मध्ये ‘दियारियु पुपुलार’ या सायंदैनिकाच्या संपादकीय विभागात पहिल्यांदा बायका घेतल्या गेल्या, त्या पहिल्या तुकडीत पाल्ला होत्या. लिस्बनच्या बाइरो आल्तो भागात, जिथे एकेकाळी छापखाने आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्या एकमेकींना खेटून होत्या, तिथल्या पुरुषांनी भरलेल्या खोलीत.

मी डेस्कवर लागले तेव्हा रात्रपाळीला मी एकटी बाई होते. पहिल्या आठवड्यात मला पाककृतीचं पान लावायला सांगितलं होतं. म्हणून ती खोली मला डोळ्यांसमोर दिसते.

25 एप्रिल 1974 ला लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी राजवट उलथवली. सेन्सॉर गेला. पण बायकांचे काही प्रश्न क्रांतीनंतरही तसेच राहिले. गर्भपात करणाऱ्या बाईला जुन्या दंडसंहितेप्रमाणे दोन ते आठ वर्षं कैद होती. बायका चोरून करून घेत आणि त्यात मरतही. पाल्ला आणि त्यांची सहकारी आंतोनिया द सोझा सरकारी दूरचित्रवाणीवर बायकांविषयी एक मालिका करत होत्या. 1976 च्या फेब्रुवारीत त्यात गर्भपातावरचा भाग दाखवला गेला. गर्भपात हा गुन्हा नाही, असं शीर्षकातच म्हटलं होतं. देशभर गहजब झाला. मालिका बंद पडली, आणि पाल्ला यांच्यावर खटला भरला गेला: शालीनतेला धक्का आणि गुन्ह्याला चिथावणी. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा. खटला 1979 मध्ये चालला आणि त्या निर्दोष सुटल्या. तोवर तीन वर्षं ती टांगती तलवार डोक्यावर.

‘साधी गृहिणी’ लिहिणाऱ्याने हा एक खटला तरी शोधून पाहायला हवा होता.

आणि युनियन. पत्रकार संघटनेच्या उपाध्यक्षपदावर बसलेल्या त्या पहिल्या बाई. हे पद शोभेचं नसतं. कोणाचा पगार थकला, कोणाला काढलं, कोणाची पाळी अन्यायाने बदलली, हे सगळं तुमच्या टेबलावर येतं. पुढे त्या पत्रकारांच्या निधी संस्थेच्या प्रमुख झाल्या, म्हणजे आजारपण, औषधपाणी, पेन्शन बघणारी पत्रकारांची स्वतःची संस्था. सहकाऱ्याच्या दवाखान्याच्या बिलासाठी डेस्कवर पाकीट फिरवावं लागलं आहे ज्यांना, त्यांना अशा संस्थेची किंमत वेगळी सांगायला नको. आमच्याकडे ते पाकीट चहाच्या डब्यात ठेवत.

त्यातून शेवटचा दावा येतो: ‘राजकारण आलं ते वडिलांच्या रक्तातून.’ रक्तातून राजकारण येत नाही. आलंच तर घरातल्या बोलण्यातून येतं, आणि हा मुलगा कोणाच्या घरात वाढला? आई-वडील वेगळे झाले तेव्हा तो अगदी लहान होता, वाढला आईकडे. वडील कम्युनिस्ट असूनही चौदाव्या वर्षी तो समाजवादी पक्षाच्या युवक संघटनेत गेला. वडिलांचा प्रभाव नव्हता असं मी म्हणत नाही. 2015 मध्ये समाजवाद्यांचं अल्पमताचं सरकार कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर उभं करताना त्या घराची आठवण त्यांना आली नसेल, असं कोण म्हणेल? पण आईला वगळून हिशोब लागत नाही.

गर्भपाताचंच बघा. 1984 मध्ये मोजक्या कारणांपुरती परवानगी मिळाली. 1998 चं सार्वमत थोडक्या फरकाने हरलं. 11 फेब्रुवारी 2007 ला दुसरं सार्वमत झालं, सुमारे 59 टक्क्यांनी होकार दिला आणि दहा आठवड्यांपर्यंतचा गर्भपात कायदेशीर झाला. निवडणुकांची यंत्रणा तिथे अंतर्गत प्रशासन मंत्रालयाकडे असते. त्या दिवशी त्या खात्याचे मंत्री आंतोनियो कॉस्ता होते. आई आरोपी म्हणून कोर्टात उभी राहिली त्याला 28 वर्षं झाली होती.

आणि त्याच सरकारने पत्रकारांची ती निधी संस्था बंद करायचं ठरवलं. मुलगा मंत्रिमंडळात, वरच्या फळीत. आई संस्थेची प्रमुख. ती गप्प बसली नाही, उघडपणे विरोधात उभी राहिली. संस्था वाचली नाही, पण ‘मुलाचं सरकार आहे, जाऊ दे’ असं म्हणणारी ती बाई नव्हती. युनियनचं काम केलेल्या माणसाला सरकार कोणाचं आहे हे आधी विचारून चालत नाही, हे त्यांनी करून दाखवलं.

मेसेज लिहिणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहिली असती तरी पुरलं असतं: नाव. कॉस्ता यांचं पूर्ण नाव आंतोनियो लुईश सांतुश द कॉस्ता. पोर्तुगीज रिवाजाप्रमाणे आधी आईकडचं आडनाव येतं, मग वडिलांचं. ‘सांतुश’ हे आईचं माहेरचं आडनाव. आपल्याकडे महाराष्ट्रात 2024 मध्ये सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढे आईचं नाव लिहिणं सक्तीचं झालं, तेव्हा किती चर्चा झाली! यांच्या नावात आई पहिल्यापासून आहे. आपण मात्र मराठीत लिहिताना तेवढंच नेमकं गाळलं.

ताईला मी हे सगळं लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं, “अगो, माका खबरच नाशिल्लें. मग मेसेज बदलून धाड.” तो बदललेला मेसेज असा: ‘आंतोनियो सांतुश द कॉस्ता, जन्म लिस्बन. वडील ऑर्लांदो, मडगावचे लेखक, सालाझारच्या तुरुंगात जाऊन आलेले. आई मारिया आंतोनिया पाल्ला, पत्रकार, पत्रकार संघटनेच्या पहिल्या महिला उपाध्यक्ष, बायकांच्या हक्कासाठी खटला झेललेल्या.’ फोटो तोच ठेवला आहे.