गुडविलच्या पैशात काउंटरवरच्या माणसाचाही वाटा हवा

नाशिकच्या मेनरोडला किंवा रविवार कारंजाला जुनं दुकान विकायला निघालं की जागेचे एवढे, मालाचे एवढे आणि वर गुडविलचे, म्हणजे दुकानाच्या नावलौकिकाचे, एवढे, असं बोलणं होतंच. बारावी कॉमर्सला हीच ख्याती आपण शिकलो, सरासरी नफा गुणिले वर्षं, उत्तर आलं की मार्क. पण ही ख्याती कमावली कुणी, ते कुणी विचारलंच नाही.

इंग्रजीत गुडविल हा शब्द मुळात साधा, दुसऱ्याचं भलं चिंतणं. मग तो व्यापारात आला आणि १८१० मध्ये इंग्लंडमध्ये न्यायाधीश लॉर्ड एल्डनने मालवाहतुकीच्या धंद्याच्या एका केसमध्ये सांगितलं की गुडविल म्हणजे जुनी गिऱ्हाइकं जुन्याच जागी येतील ही शक्यता, बाकी काही नाही. १९०१ मध्ये तिथल्याच न्यायाधीश लॉर्ड मॅकनॉटनने मात्र त्याला गिऱ्हाईक खेचून आणणारी शक्ती म्हटलं, आणि मला हेच पटतं. नुसती जागाच असती तर गावातलं दुकान कॉलेज रोडला गेल्यावर पंचवटीतल्या आजी रिक्षा बदलून तिथे गेल्या नसत्या. त्या जातात कारण काउंटरवरचे काका त्यांच्या घरची लग्नं, मापं, उधारी सगळं ओळखून असतात!

२०१६ च्या पुरात गोदावरीचं पाणी सराफ बाजारात, भांडी बाजारात शिरलं, तेव्हा दुकानातला चिखल उपसायला मालकाबरोबर हीच माणसं होती ना? दुकानं उघडली, गिऱ्हाईक परत आलं. आता यातलं वहीत काय दिसतं, तर काहीच नाही, कारण स्वतः कमावलेलं गुडविल हिशोबात धरतच नाहीत, कुणी पैसे मोजून विकत घेतलं की मगच धरतात.

आपला १९३२ चा भागीदारी कायदा, कलम १४, गुडविलला फर्मची मालमत्ता मानतो. फर्म मोडून गुडविल विकलं तर कलम ५५ प्रमाणे जुना भागीदार तोच धंदा पुन्हा काढू शकतो, फक्त वेगळं काही ठरलं नसेल तर फर्मचं नाव लावायचं नाही आणि जुनी गिऱ्हाइकं आपल्याकडे ओढायची नाहीत. भागीदारांचा एवढा बारीक विचार केलाय, नोकरमाणसाचा या दोन कलमांत शब्दही नाही.

ग्रॅच्युइटी वेगळी, जिथे कायद्याने लागू आहे तिथे तो हक्कच आहे. मी गुडविलच्या रकमेबद्दल बोलतोय. सौदा ठरतानाच त्यातला ठरावीक हिस्सा जुन्या माणसांच्या नावाने करारात लिहून टाका, कायदा काही अडवत नाही. गावातल्या व्यापारी आणि सीए मंडळींनी यावर नक्की बोला.