‘इकोत प्रेशर कळतं, मग कॅथ कशाला?’ या मेसेजला मुद्देसूद उत्तर

फुप्फुसाच्या वाढलेल्या रक्तदाबाविषयी, म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शनविषयी, रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये एक मेसेज सारखा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर साधारण असा: ‘इकोमध्ये पीए प्रेशर ६० आलं की निदान झालं. उजव्या बाजूची कॅथ म्हणजे थेट हृदयात नळी, जिवाला धोका. डायने किडनी जाते ती वेगळीच. परदेशातल्या संशोधनाने ही तपासणी निरुपयोगी ठरवली आहे. सरळ सिल्डेनाफिल सुरू करा आणि पैसे वाचवा.’

आधी शब्द: इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पीए प्रेशर म्हणजे फुप्फुस धमनीतला दाब, उजव्या बाजूची कॅथ म्हणजे शिरेतून उजव्या हृदयात आणि फुप्फुस धमनीत बारीक नळी नेऊन दाब प्रत्यक्ष मोजण्याची तपासणी, डाय म्हणजे एक्स-रेत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचायचं द्रव्य, आणि सिल्डेनाफिल म्हणजे फुप्फुसाच्या धमन्या सैल करणारी गोळी. खर्चाची काळजी खरी आहे, नळीची भीतीही समजण्यासारखी आहे. पण यातला शेवटचा सल्ला काही रुग्णांना घातक ठरू शकतो, म्हणून एकेक दावा नीट तपासायला हवा.

‘इकोमध्ये ६० आलं की निदान झालं’

इको दाब मोजत नाही. तो रक्ताचा वेग मोजतो आणि त्यावरून दाबाचा हिशेब करतो. हृदयाच्या उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा सर्वाधिक वेग डॉपलरने, म्हणजे ध्वनिलहरींच्या किरणाने, घेतात, त्याचा वर्ग करून चारने गुणतात आणि त्यात उजव्या कर्णिकेतला (हृदयाच्या वरच्या कप्प्यातला) अंदाजे दाब मिळवतात. हा अंदाजही पोटातून वर येणारी मोठी शीर किती फुगली आहे आणि श्वासाबरोबर किती आकसते यावरून ३, ८ किंवा १५ असा ठोकळमानाने धरलेला असतो.

वेगाचा वर्ग होतो, त्यामुळे चूकही वाढत जाते. सेकंदाला ३.० मीटर वेग धरला तर ३६ येतात, ३.५ धरला तर ४९. स्क्रीनवर कर्सर जरा वर-खाली ठेवला तरी १३ मिमीचा (पाऱ्याच्या मिलिमीटरचा; इथले सगळे दाब याच एककात) फरक पडतो. किरण प्रवाहाला तिरका लागला तर वेग कमी भरतो. गेन (मशिनवरची सिग्नलची तीव्रता) जास्त ठेवला आणि कडेची धूसर रेघ मोजली तर तो जास्त भरतो. काही जणांत झडप गळतच नाही. मग आकडा मिळत नाही, पण म्हणून दाब नॉर्मल आहे असंही म्हणता येत नाही. उलट झडप अगदीच उघडी राहून प्रचंड गळत असेल तर हे समीकरण लागूच पडत नाही. २००९ साली अमेरिकेत पल्मनरी हायपरटेन्शनच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात कॅथच्या आगेमागे तासाभरात इको करून दोन्ही आकडे ताडून पाहिले. ४८ टक्के वेळा फरक १० मिमीपेक्षा जास्त निघाला.

समजा, इकोचा आकडा तंतोतंत बरोबर आला. तरी खरा प्रश्न सुटत नाही: दाब कशामुळे वाढला?

दोन रुग्ण घ्या. दोघांच्याही इकोवर ६०, दोघांच्याही फुप्फुस धमनीतला सरासरी दाब ३८. पहिल्याचा वेज प्रेशर, म्हणजे डाव्या कर्णिकेतल्या दाबाचा जवळचा अंदाज, २८ आहे आणि हृदय मिनिटाला ५.५ लिटर रक्त पुढे ढकलतं. ३८ वजा २८ म्हणजे १०, भागिले ५.५ केलं की फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा रोध १.८ वूड युनिट (रोधाचं एकक) येतो. या वाहिन्या निरोगी आहेत, तुंबलं आहे ते पुढे डाव्या हृदयात: डाव्या बाजूची मिट्रल झडप अरुंद असेल किंवा डावी जवनिका (खालचा कप्पा) ताठर झाली असेल. दुसऱ्याचा वेज ८ आणि प्रवाह ३.५ लिटर. ३८ वजा ८ म्हणजे ३०, भागिले ३.५, म्हणजे ८.६ वूड युनिट. इथे खुद्द फुप्फुसाच्या वाहिन्याच अरुंद झाल्या आहेत. हा रक्तवाहिन्यांचा मूळ आजार असू शकतो किंवा जुन्या गुठळ्या असू शकतात; गुठळ्या असतील तर व्ही-क्यू स्कॅन (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं हे दाखवणारा स्कॅन) आणि पुढे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. इकोवर दोघांचा आकडा एकच, उपचार मात्र एकमेकांच्या विरुद्ध.

म्हणूनच व्याख्या कॅथच्या आकड्यांत लिहिलेली आहे. सरासरी दाब २० पेक्षा जास्त असेल तर पल्मनरी हायपरटेन्शन. ही मर्यादा पूर्वी २५ होती, २०१८ मध्ये खाली आणली. वेज १५ किंवा कमी आणि रोध २ वूड युनिटपेक्षा जास्त असेल तर दोष फुप्फुसाच्या वाहिन्यांत आहे, असं २०२२ ची युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. इकोला त्यांनी जागा दिली आहे ती शक्यता ठरवण्याची: गळतीचा वेग २.८ पर्यंत, २.९ ते ३.४ आणि त्याच्या वर. सोबत उजवी जवनिका फुगली आहे का, मधला पडदा डावीकडे दबला आहे का, हेही पाहायचं. चाळणी म्हणून आणि उपचारादरम्यान वरचेवर पाहण्यासाठी इकोइतकं सोयीचं दुसरं साधन नाही, हे मात्र निर्विवाद.

‘सरळ सिल्डेनाफिल सुरू करा’

मेसेजमधलं हे सर्वांत धोकादायक वाक्य. वरच्या पहिल्या रुग्णाला ही गोळी दिली तर फुप्फुसाच्या लहान धमन्या सैल होतात आणि जास्त रक्त डाव्या कर्णिकेकडे जातं. पण तिथून पुढे वाट आधीच अडलेली आहे. मग केशवाहिन्यांतला दाब चढतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. धाप कमी व्हायच्या ऐवजी रुग्ण रात्री उठून बसतो.

हा नुसता तर्क नाही. झडपेची शस्त्रक्रिया होऊनही फुप्फुसाचा दाब चढाच राहिलेल्या २०० रुग्णांवर स्पेनमध्ये चाचणी झाली, निष्कर्ष २०१८ मध्ये आले. सहा महिने सिल्डेनाफिल घेतलेल्या गटाची अवस्था नकली गोळी घेतलेल्या गटापेक्षा वाईट झाली. त्याही आधी, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डाव्या हृदयाच्या गंभीर विकारात एपोप्रोस्टेनॉल हे फुप्फुसाच्या वाहिन्या सैल करणारं औषध देऊन पाहिलं होतं. औषधाच्या गटात मृत्यू जास्त होताहेत असं दिसू लागल्यावर ती अर्ध्यावर थांबवावी लागली.

आपल्याकडे हा धोका आणखी जवळचा आहे. केरळमधल्या ५० रुग्णालयांनी मिळून पल्मनरी हायपरटेन्शनच्या सुमारे २००० रुग्णांची नोंद केली, त्यात ५९ टक्के रुग्णांचं मूळ डाव्या हृदयात होतं. संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेले रुग्ण महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यांतही रोज दिसतात. अशांना झडपेवर बलून किंवा शस्त्रक्रिया हवी असते. त्यातले काही जण हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळीही घेत असतात. तिच्या जोडीला सिल्डेनाफिल गेलं तर रक्तदाब एकदम कोसळतो. हे दोन कधीच एकत्र घ्यायचे नाहीत.

आणखी एक गोष्ट या मेसेजमध्ये कुणी सांगत नाही. सिल्डेनाफिल ज्या चाचणीमुळे या आजारासाठी मान्य झालं, ती २००५ ची २७८ रुग्णांची चाचणी. तिच्यात प्रवेशासाठी कॅथ सक्तीची होती: सरासरी दाब किमान २५, वेज १५ च्या आत. औषध उपयोगी पडतं हे सिद्ध झालं आहे ते कॅथने निवडलेल्या माणसांत. निवड सोडून फक्त गोळी उचलली तर त्या पुराव्याचा आधारही सुटतो. २०२३ च्या, सोटाटरसेप्ट या नव्या औषधाच्या चाचणीतही ३२३ रुग्ण असेच निवडले होते, रोध किमान ५ वूड युनिट.

राहिला पैशाचा मुद्दा. कॅथ करतानाच, आजार रक्तवाहिन्यांचाच, आनुवंशिक, एखाद्या औषधाने झालेला किंवा कारण न सापडलेला दिसत असेल, तर रुग्णाला नायट्रिक ऑक्साइड हा वाहिन्या सैल करणारा वायू १० ते २० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) हुंगायला देतात. सरासरी दाब किमान १० ने उतरून ४० किंवा त्याखाली आला आणि हृदयाचा प्रवाह घटला नाही, तर तो रुग्ण ‘रिस्पॉन्डर’, म्हणजे प्रतिसाद देणारा. फ्रान्समधल्या ५५७ रुग्णांच्या अभ्यासात असे ७० निघाले आणि त्यातले ३८ जण पुढे दीर्घकाळ फक्त निफेडिपिन, डिल्टियाझेम यांसारख्या साध्या औषधांच्या मोठ्या डोसवर चांगले राहिले. शंभरात सातच, पण त्यांना आयुष्यभर महागडी औषधं लागत नाहीत. ते कोण, हे ओळखायचा दुसरा मार्ग नाही. आणि ही चाचणी न करता हीच स्वस्त औषधं मोठ्या डोसमध्ये दिली तर उजवं हृदय बसू शकतं.

‘डायने किडनी जाते’

ही अँजिओग्राफीशी केलेली गल्लत आहे. अँजिओ धमनीतून होते आणि कॉरोनरी वाहिन्या दिसाव्यात म्हणून तिच्यात डाय लागतो. उजव्या बाजूची कॅथ शिरेतून होते, दाबाच्या लाटा पाहत नळी पुढे सरकते आणि तिला डायची गरजच नसते. त्याच बैठकीत अँजिओही करायची ठरली असेल तर डाय जाईल. ते डॉक्टरांना आधी विचारून घ्यावं.

‘थेट हृदयात नळी, जिवाला धोका’

१९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावात वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी नेली, तेव्हा ते अघोरी वाटलं. पुढे न्यूयॉर्कमध्ये आंद्रे कूरनां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी ती मोजमापाची पद्धत बनवली. तिघांना १९५६ चं नोबेल मिळालं. १९७० मध्ये स्वान आणि गांझ यांनी टोकाला फुगा असलेली नळी आणली. आज वापरतात ती बहुधा तीच.

गळ्याची, कोपराजवळची किंवा जांघेची शीर बधिर करतात, शीथ (नळी आत-बाहेर करण्यासाठीची आखूड नळी) घालतात. नळी उजव्या कर्णिकेत पोचली की फुग्यात दीड मिली हवा भरतात आणि रक्ताचा प्रवाहच तिला पुढे वाहून नेतो. मॉनिटरवर लाटा बदलत जातात: कर्णिकेत २ ते ६ चा सपाट दाब, जवनिकेत उंच पण पायथा शून्याजवळ, फुप्फुस धमनीत शिरताच पायथा वर उचलला जातो, आणि शेवटी छोट्या फांदीत फुगा अडकला की लाट पुन्हा चपटी होते. हाच वेज. मोजमाप झालं की फुगा रिकामा करून नळी मागे घेतात. रुग्ण जागा असतो.

धोका शून्य नाही. युरोप-अमेरिकेतल्या अनुभवी केंद्रांतल्या ७२१८ कॅथचा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला: गंभीर त्रास ७६ जणांना, म्हणजे १.१ टक्के, आणि मृत्यू ४. बहुतेक त्रास शिरेच्या जागेचे होते (रक्त साकळणं, गळ्याकडून जाताना फुप्फुसाला इजा). शिवाय ठोके चुकणं, रक्तदाब उतरणं. अल्ट्रासाउंड पाहून शीर टोचली तर पहिला प्रकार बराच टळतो. ज्यांच्या ईसीजीत आधीच लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक आहे, म्हणजे हृदयाच्या विद्युतमार्गाची डावी शाखा बंद आहे, त्यांच्यात नळी उजव्या शाखेला घासली तर पूर्ण ब्लॉक होऊ शकतो, म्हणून पेसिंगची (यंत्राने ठोके चालवण्याची) तयारी ठेवूनच पुढे जातात. धमनी फाटणं अतिशय दुर्मीळ पण जीवघेणं. फुगा लांबच्या बारीक फांदीत जोराने फुगवला तर ते होतं. त्यामुळे वेज वारंवार घ्यायचा नाही, आणि लाट चपटी झाली की हवा तिथेच थांबवायची. हे आकडे नियमित कॅथ करणाऱ्या केंद्रांचे आहेत, म्हणून तपासणी तशाच ठिकाणी करावी.

‘संशोधनाने निरुपयोगी ठरवली’

हा दावा अर्ध्या माहितीवर उभा आहे. २००५ मध्ये दोन मोठ्या चाचण्या आल्या. एक अमेरिका-कॅनडातली, हार्ट फेल्युअरच्या ४३३ रुग्णांची; दुसरी ब्रिटनमधली, आयसीयूतल्या १०४१ रुग्णांची. दोन्हींत आयसीयूत नळी ठेवून उपचार ठरवल्याने जीव वाचण्याचं प्रमाण वाढलं नाही. त्यानंतर आयसीयूतला वापर घटला, आणि ते योग्यच झालं. पण तिथे प्रश्न वेगळा होता: गंभीर रुग्णात नळी दिवसेंदिवस ठेवून उपचारांना दिशा द्यावी का? धाप लागणाऱ्या, चालत्या-फिरत्या रुग्णात आजाराचं मूळ शोधायला तासाभराची तपासणी करावी का, हे त्या चाचण्यांनी तपासलंच नाही.

खरी टीका करायचीच असेल तर ती वेगळ्या जागी करायला हवी: कॅथ निष्काळजीपणे केली तर तीही खोटं बोलते. शून्य पातळी छातीच्या मधोमध, डाव्या कर्णिकेच्या उंचीला धरायला हवी. ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा संवेदक) १० सेंटिमीटर खाली राहिला तर प्रत्येक दाब सात-साडेसात मिमीने जास्त येतो, आणि वेज १२ चा १९ झाला की निदानच फिरतं. वेज सहज श्वासाच्या शेवटी, श्वास सोडल्यावर वाचायचा. मशिनने छापलेली सरासरी तशीच उचलायची नाही. फुगा नीट बसला नसेल तर धमनीचा दाब वेजमध्ये मिसळतो. शंका आली तर तिथलंच रक्त काढून ऑक्सिजन पाहायचा, तो धमनीतल्या रक्ताइतका भरला पाहिजे. एका मोठ्या अभ्यासात वेज १५ च्या आत दिसणाऱ्या पल्मनरी हायपरटेन्शनच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांत डाव्या जवनिकेचा प्रत्यक्ष मोजलेला दाब १५ च्या वर निघाला. वेज काठावर असेल आणि डाव्या हृदयाचा संशय असेल तर पाच मिनिटांत ५०० मिली सलाइन देऊन पुन्हा मोजतात. १८ च्या वर गेला तर मूळ डावीकडेच.

म्हणून रिपोर्ट हातात आला की त्यात कर्णिकेचा दाब, फुप्फुस धमनीचा सरासरी दाब, वेज, प्रवाह आणि तो कोणत्या पद्धतीने मोजला, रोध, आणि फुप्फुस धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन हे आहेत का ते पाहा. थर्मोडायल्यूशनने (थंड द्रव टोचून तापमानाच्या बदलावरून) प्रवाह मोजला असेल तर तीन वाचनं एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत असायला हवीत. हृदयात भोक असेल तर मोठ्या शिरांपासून पुढे टप्प्याटप्प्याने ऑक्सिजनचे नमुने हवेत, कारण भोक बंद करायचं की नाही हे रोधावरच ठरतं.

आणि ज्या रुग्णात कारण स्पष्टच आहे, समजा मिट्रल झडप ठळक अरुंद आहे किंवा डावी जवनिका उघडच कमजोर आहे, आणि कॅथच्या आकड्याने उपचारात काहीच बदल होणार नाही, तिथे ती करायची गरज नसते. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न हाच: या आकड्यांवर माझं कोणतं औषध किंवा कोणती शस्त्रक्रिया ठरणार आहे?