मामाच्या हातांबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, माझ्या बहिऱ्या मामावरच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली पण लगेच उत्तर लिहिलं नाही, खरं सांगते, राग आला होता. आज परत वाचली. तुम्ही इतकी वर्षं कर्णबधिर मुलांना शिकवलंत, त्यामुळे तुमचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. तुम्ही म्हणता की मामाला मी लेखाच्या नावातच 'मुका' म्हटलं ते अपमानास्पद आहे, हातवारे म्हणजे काही भाषा नव्हे, आणि शाळेत त्याला हात मागे बांधून बसवायचे असं लिहून मी त्याच्या बाईंवर अन्याय केला, कारण त्यांनी बोलायला शिकवलं म्हणूनच पुढे त्याला नोकरी लागली.

'मुका'बद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. गिरगावात चाळीत सगळे तेच म्हणायचे, मीही तेच उचललं, चूक झाली, नाव बदललंय. आणि तो मुका नव्हताच हो. मोठ्यानं हसायचा, आईला जिन्यातून हाक मारायचा आणि ती हाक फक्त तिलाच कळायची. २०१६ च्या कायद्यातसुद्धा ऐकण्याचं अपंगत्व आणि बोलण्याचं अपंगत्व वेगवेगळं धरलंय.

पण हातांचं नाही पटत. बाई वाईट होत्या असं मी कुठेही म्हटलेलं नाही, त्या काळी जगभर तेच चालायचं. १८८० साली मिलानला परिषद भरली, १६४ प्रतिनिधींमध्ये बहिरा माणूस एकच, आणि ठरवून टाकलं की शाळेत खुणा नकोत, ओठ वाचायला आणि बोलायला शिकवा. त्याबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० उजाडलं. तुम्हाला तर माहितीच आहे, ओठांवर मामा, बाबा, पापा तिन्ही सारखेच दिसतात. मेंदूज्वरात कान गेलेल्या मुलानं नुसत्या ओठांवरून आख्खी मराठी कशी उचलायची?

आणि भाषा नाही कसं? मदन वसिष्ठ, जे स्वतः बहिरे, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर दिल्ली, कलकत्ता, मुंबई, बंगलोरच्या खुणा गोळा करून त्यांचा अभ्यास केला तोच मुळी भाषा म्हणून. नाकाच्या बाजूला बोट लावलं की बाई, मिशीवर फिरवलं की पुरुष, प्रश्नातला 'काय' वाक्याच्या शेवटी, आणि निम्मं व्याकरण तर भुवयांवर. माणसांना खुणांची नावं असतात, माझं नाव भुवईवरची खोक, कारण मी लहानपणी जिन्यात पडले होते. हे मला खूप उशिरा कळलं कारण आमच्या घरात खुणा कोणी शिकलंच नाही, आम्ही आपले 'जेव', 'ये', 'पैसे' एवढ्यावर पन्नास वर्षं काढली.

मामाची नोकरी छापखान्यात होती, कंपोझिटरची, म्हणजे शिशाचे सुटे अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर तयार करायची. खिळे जुळवताना अक्षर उलटं वाचावं लागतं, तो ते आपण पेपर वाचतो तसं वाचायचा, आणि मालक काय हवं ते चिठ्ठीवर लिहून द्यायचे. तिथे त्याच्या उच्चारांची कोणाला गरज पडली नाही. पुढे कॉम्प्युटर आले, छापखाना बंद झाला, ते सगळं लेखात आहेच.

तो खरा बोलायचा ते दादरला. संध्याकाळी तो एका प्लॅटफॉर्मवर, त्याचे मित्र रुळांपलीकडच्या दुसऱ्यावर, आणि एवढ्या गर्दीत त्यांच्या गप्पा चालू, मधे लोकल आली की तुटायच्या, गेली की परत तिथूनच सुरू, मग अपंगांच्या डब्यात चढून घरी येईपर्यंत तेच. मी कॉलेजातून येताना हे बघायचे आणि लाज वाटून पुढे निघून जायचे. लेख लिहिला तो त्यासाठी, ताई, बाईंसाठी नाही.

शेवटी हॉस्पिटलमध्ये उजव्या हाताला सलाईन, हात पट्टीला बांधलेला. डाव्या हातानं काहीतरी सांगायचा, आम्हाला कळेना, मग शाळेत शिकवलेल्या आवाजात ओरडायचा. तिसऱ्या दिवशी डब्यातला मित्र आला, दोन मिनिटं त्याचा डावा हात बघत राहिला आणि औषधाच्या बिलामागे लिहून दिलं, पलंग खिडकीकडे फिरवा म्हणतोय. दोन दिवस तो तेवढंच मागत होता आणि आम्ही दुखतंय समजून नर्सला बोलावत होतो.