मिरी न्यायला आले, मिरची ठेवून गेले

परवा आषाढीला मी खिचडीसाठी बटाटे सोलत होतो आणि पुतणी शेजारी बसून इतिहास घोकत होती. "१४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, खुष्कीचा व्यापारी मार्ग बंद झाला, त्यामुळे युरोपीयांना सागरी मार्ग शोधणे भाग पडले." मीही शाळेत हेच घोकलं होतं.

माझा राग आहे तो त्या 'भाग पडले'वर. बिचारे! नेहमीचं दुकान बंद झालं म्हणून दुसऱ्या पेठेत गेले, असंच वाटतं ऐकून. अहो, पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या उत्तर टोकावरचं सेउटा घेतलं १४१५ साली, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडायच्या ३८ वर्षं आधी. पुढे सोनं आणि गुलाम गोळा करत ते किनाऱ्याकिनाऱ्याने खाली सरकतच होते. आणि मिरी बहुतेक तांबड्या समुद्रातून अलेक्झांड्रियाला जायची. तिथे इजिप्तचे ममलूक सुलतान जकात घ्यायचे आणि व्हेनिसचे व्यापारी माल उचलायचे. १४५३ नंतरही हे चालूच होतं. पोर्तुगालला हे मधले दलाल नको होते, आणि मुसलमानांशी जुनं धर्मवैर होतंच.

२० मे १४९८ला वास्को द गामा कालिकतपाशी पोचला. किनाऱ्यावर आधी उतरवला एक शिक्षा झालेला कैदी (गेला जीव तर त्याचा जावो!). त्याला भेटले कोण, तर ट्युनिसचे दोघे, चक्क स्पॅनिश बोलणारे. इथे कुठे कडमडलात, असं त्यांनी विचारल्यावर उत्तर मिळालं: ख्रिस्ती माणसं आणि मसाले शोधायला.

मग झामोरिनसाठी, म्हणजे कालिकतच्या राजासाठी, नजराणा काढला. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा तुकडे, चार लाल टोपडी, सहा हॅटी, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुवायची सहा तस्तं, साखरेची पेटी, तेलाची दोन पिंपं, मधाची दोन. साखर! हिंदुस्थानात! झामोरिनची माणसं हसायला लागली. म्हणाली, मक्केचा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून जास्त देतो, द्यायचंच तर सोनं द्या.

माझ्या मते पुढचा सगळा इतिहास त्या हसण्यात आहे. यांच्याकडे इथे खपेल असं फारसं काही नव्हतंच. तोफा मात्र होत्या. १५०२ मध्ये गामा परत आला तेव्हा त्याने हजहून परतणारं जहाज बायकापोरांसकट जाळलं. १५१० मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने गोवा घेतलं. आणि ज्या समुद्राचा सातबारा कधी कुणाच्याच नावावर नव्हता, त्यावर यांचा परवाना सुरू झाला. हा परवाना, म्हणजे कार्ताझ, नसेल तर जहाज जप्त. अकबराच्या राज्यातून हजला जाणाऱ्यांनाही तो घ्यावा लागे, आणि त्यावर मेरी-येशूचं चित्र! आपल्या रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बरोबर ओळखलंय: हे टोपीकर (म्हणजे युरोपीय) वरकड सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी यांची राज्यं आहेत.

आता खिचडीकडे. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा, मिरची, शेजारी ठेवलेलं रताळं, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. ज्ञानोबांच्या एकादशीला यातलं काहीही नव्हतं. मिरी न्यायला आलेल्यांनी मिरची आणली आणि आपण तिचं नावसुद्धा मिरीवरूनच पाडलं. 'बटाटा' हा शब्द तर सरळ पोर्तुगीजच उचललाय.

यावर कुणीतरी म्हणतंच, बघा, त्यांनी आपल्याला किती दिलं! दिलं? बटाटा अँडीजच्या डोंगरातल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षं जोपासलेला. तिथल्या लोकांना बदल्यात काय मिळालं, तर देवीचा रोग. १५२१ मध्ये मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेकांची राजधानी पडली, त्याआधी देवीच्या साथीने ती पोखरून काढली होती. पुढे तिकडच्या उसाच्या मळ्यांत राबायला आफ्रिकेतून सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली. त्यातली जवळपास १८ लाख वाटेतच मेली. धड्यात 'परिणाम' या मथळ्याखाली याला दीड ओळ असते आणि 'नवीन पिकांची देवाणघेवाण झाली' याला पूर्ण मुद्दा. देवाणघेवाण!

एवढं सगळं ऐकून पुतणीने विचारलं, "काका, मग पेपरात काय लिहू?"

म्हटलं, १४५३च लिही, मार्क त्यालाच आहेत. आणि ते दाण्याचं कूट दे जरा इकडे.